बुर्गीचे दहा उतार

१४ ऑक्टोबर २०१६, शुक्रवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास नोटबुर्गा ओबकिर्खर हिने आमच्या पतसंस्थेतल्या बचत खात्यातून ११,३८४ युरो ६० सेंट काढले. खात्यात तेवढेच होते. खिडकीच्या आत त्या दिवशी मी बसलो होतो.

"खातं बंद करायचं का मग?" मी विचारलं.

"बंद कशाला? उद्या गावभर होईल, बुर्गीने खातं बंद केलं म्हणून." तिने स्वतःच्या पाकिटातून दहाची नोट काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "हे घे. जमा कर. आणि आता विचार, तुला विचारायचंय ते."

"मी काही विचारत नाहीये."

"व्हिन्झेन्झ, तू दुसरीत असल्यापासून तुझे कान लाल होतात. गाम्स मारायला चाललेय मी."

गाम्स म्हणजे आमच्या कड्यांवरचा आकडी शिंगांचा रानबोकड. त्याच्या शिकारीसाठी आमच्या इनरबाख गावच्या माणसाला खात्यातून पैसे काढावे लागत नाहीत. शिकारी मंडळाची वर्गणी भरली, परवाना हातात आला की झालं. मी मंडळाचा खजिनदार असल्यामुळे हे मला तिच्याहून जास्त ठाऊक होतं आणि तसं मी म्हणालोही.

"इथे नाही. न्यूझीलंडला," ती म्हणाली. "आपल्याकडचेच आहेत तिथले. बोटीने नेऊन सोडलेले, शंभर वर्षांपूर्वी. पुढच्या मे महिन्यात. पत्रव्यवहार तू करायचास."

बुर्गी तेव्हा बासष्ट वर्षांची होती. एकतीस वर्षं तिने दूध संघाचा टँकर चालवला. पहाटे चारला निघून दरीतल्या बावीस गोठ्यांचं दूध गोळा करायचं आणि आठच्या आत खाली पोचवायचं. बर्फात, धुक्यात, नवरा वारला त्या आठवड्यातही. मूलबाळ नाही. ती सावलीकडची. आमची दरी पूर्व-पश्चिम पडली आहे, त्यामुळे एका बाजूचे उतार दक्षिणेला तोंड करून आहेत, दुसऱ्या बाजूचे उत्तरेला. दक्षिणेकडच्या उतारांवर ऊन, राय धान्याची शेतं, मोठी जुनी घरं. समोरच्या उतारांवर ११ नोव्हेंबरला ऊन जातं ते २ फेब्रुवारीला परत येतं. त्यामुळे इथे माणसं दोनच प्रकारची, उन्हाकडची आणि सावलीकडची. लग्नात, मंडळात, चर्चच्या बाकांवरही ते दिसतं. मी उन्हाकडचा आहे.

नोव्हेंबरात गाम्सचा माज असतो. त्या दिवसांत सकाळी ते उन्हाच्या उतारांवर येतात. ते उतार कुणी घ्यायचे हे मंडळाचा प्रमुख ठरवतो, आणि मंडळाचा प्रमुख नेहमी उन्हाकडचाच असतो. गेली चौदा वर्षं तो हार्टविग आहे, त्याआधी त्याचे वडील होते. बुर्गीला एकोणतीस वर्षांत दर वर्षी एक परवाना मिळाला, सावलीच्या बाजूचा आणि हंगामाच्या शेवटच्या आठवड्यातला. शिवाय आमच्याकडे एकट्याने गाम्स मारायचा नाही. सोबत मंडळाचा माणूस असतो. तो दुर्बीण लावतो, बोट दाखवतो, "तो नाही, त्याच्या डावीकडचा," आणि ज्याचा परवाना त्याने तेवढा चाप ओढायचा. नियम चांगला आहे. चुकीचं जनावर पडत नाही. पण एकोणतीस वर्षांत बुर्गीने एकही उतार स्वतः निवडला नव्हता आणि एकही बोकड स्वतः निवडला नव्हता.

आणि वेळही फारसा उरला नव्हता. डाव्या खुब्याचं ऑपरेशन पुढच्या सप्टेंबरात ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, नंतर जिने चढा, बाजारात जा, कड्यांचं विसरा.

माझं इंग्रजी व्यापारी शाळेतलं आहे. मला "आपल्या दिनांक अमुकच्या पत्रास अनुसरून" हे छान लिहिता येतं, बाकीचं ओढूनताणून. तिकडच्या वाटाड्याचं नाव डंकन टेट. त्याने तिसऱ्या इमेलात विचारलं की ओबकिर्खर बाईंनी वकील नेमला आहे का.

बुर्गीने एकच अट घातली होती. आठ दिवस कुठल्या उतारावर, कुठल्या वाटेने आणि कुठल्या जनावरामागे जायचं, ते ती ठरवणार. वाटाड्याने तिला सुखरूप न्यायचं आणि आणायचं, बस. टेटला हे नवीन होतं. त्याने चार दिवसांनी उत्तर दिलं. चालेल, पण तिने ३१ मार्चअखेर नकाशावर उतार खुणावून पूर्ण बेत लेखी पाठवायचा. तो करण्याजोगा वाटला तर आठही दिवस तो तिच्या मागे चालेल. नाही वाटला तर आठही दिवस ती त्याच्या मागे.

"सही करू?" मी विचारलं.

"कर. माझ्यातर्फे."

"तू बेत कसा करणार? तो डोंगर तू पाहिला नाहीस."

"टँकर पहिल्या दिवशी हातात घेतला तेव्हा एकही गोठा पाहिला नव्हता."

हिवाळाभर तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा होता. चार तक्ते चिकटवून केलेला. जेवायला बसायचं तर ताट मांडीवर. मी गुरुवारी संध्याकाळी जायचो. ती जवाचं सूप आणि धुरावलेल्या मांसाचे पातळ काप पुढे ठेवायची आणि म्हणायची, "ओघळ पडला तर नकाशा तुला भरून द्यावा लागेल." रेषा किती जवळ आल्या की कडा, किती लांब गेल्या की गवत, ओढा कुठे ओलांडता येईल, सगळं ती भिंगातून बघायची. तिकडे ऋतू उलटे हे तिने पहिल्याच आठवड्यात हिशेबात धरलं होतं. आपला नोव्हेंबर म्हणजे त्यांचा मे. माज तेव्हाच असणार. हे तिने खानावळीत सांगितलं तेव्हा दोघातिघांनी टेबलावर बोटं वाजवून दाद दिली.

फेब्रुवारीत बेत पुरा झाला. लाल पेन्सिलीने दहा उतार, प्रत्येकाला आकडा. रविवारी चर्चमधली प्रार्थना संपल्यावर तिने तो नकाशा खानावळीतल्या आमच्या नेहमीच्या टेबलावर पसरला. हार्टविगने चष्मा लावला.

"बघू तरी, सावलीकडची बाई ऊन कुठे शोधतेय."

"तुझ्या परवानगीशिवाय शोधतेय, हे आधी बघ."

त्याने बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. त्याला मान्य करणं जड गेलं, पण शिकारीचं त्याला कळतं हे खरं आहे. "चांगलं आहे. दहाही दक्षिणेकडे तोंड करून. सकाळचं ऊन आग्नेयेकडून. हा चौथा मात्र थोडा पश्चिमेला झुकलाय. याच्याऐवजी हा घे. इथे ऊन अर्धा तास आधी येईल."

"खरंच की," बुर्गी म्हणाली आणि चौथा खोडून नवा चौथा काढला.

नकाशा टेबलभर फिरला. मंडळाची सात माणसं त्या दिवशी होती, एकूण शिकारीची दोनशे वर्षं तरी. सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. १० मार्चला मी बेत स्कॅन करून पाठवला.

२० मार्चला उत्तर आलं. मी ते तिच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच इंग्रजीतून आमच्या भाषेत वाचून दाखवलं. टेटने लिहिलं होतं की बेत फार नीटनेटका आहे, असा त्याला आजवर कुणी पाठवला नाही, पण या दहाही उतारांवर मे महिन्यात दिवसभर बर्फ गोठलेलं असतं आणि एकावरही जनावर दिसणार नाही. तेव्हा ठरल्याप्रमाणे त्याच्या बेताने जाऊ.

बुर्गीने पातेलं खाली ठेवलं.

"दहाही?"

"दहाही."

"एखाददुसरा म्हणाला असता तर मी मानलं असतं. दहाही म्हणजे काय ते मला कळतं. त्याला सोपे उतार हवे आहेत, त्याच्या मुक्कामाच्या झोपडीजवळचे. तिथे मला नेऊन बसवायचं, बोट दाखवायचं, पैसे घ्यायचे. हार्टविगचा भाऊच आहे तो. बस, लिही."

"काय लिहू?"

"लिही, की मी उन्हाचे उतार ओळखत नाही असं समजू नका. जन्मभर समोरून पाहिलेत."

मी म्हणालो की ३१ मार्चपर्यंत रद्द केलं तर निम्मे पैसे परत मिळतात. नाहीतर जाऊ दे, त्याच्या मागे जा. जाशील तरी, एखादा मारशील तरी.

"बोट दुसऱ्याचं आणि चाप माझा," ती म्हणाली. "ते मी इथे एकोणतीस वर्षं केलं, वर्गणीत. त्यासाठी अकरा हजार युरो घालू?"

पत्र लिहिलं. चांगलं खरमरीत झालं. पण रागाचं पत्र एक दिवस ठेवून मग पाठवायचं ही माझी कार्यालयातली सवय आहे, म्हणून मी ते खिशात घालून घरी नेलं. बुर्गीला ते आवडलं नाही. "उद्या काही तुझी शाई थंड होणार नाहीये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला ती पतसंस्थेच्या दारात उभी होती. आम्ही साडेआठला उघडतो.

"पाठवलंस?"

"नाही अजून."

"नको पाठवू." तिने टेटने ऑक्टोबरात पाठवलेला झोपडीचा फोटो माझ्यापुढे ठेवला. पाच महिने तो तिच्या फडताळाला चिकटवलेला होता. "काय दिसतं?"

"झोपडी. ओढा. छपरावर सोलर पॅनेल."

"दार कुठे?"

"ओढ्याकडे."

"नकाशात ओढा झोपडीच्या दक्षिणेला आहे. म्हणजे दाराकडचं छप्पर दक्षिणेला. त्यावर काय?"

मी चष्मा वर करून पाहिलं. "शेवाळ. आणि बर्फ आहे थोडं."

"आणि पॅनेल मागच्या बाजूला. उत्तरेला. मी माझ्या गोठ्यावर स्वतः पॅनेल बसवलंय, व्हिन्झेन्झ. सावलीत पॅनेल कुणी मूर्ख सुद्धा बसवत नाही. आणि तो माणूस मूर्ख नाहीये." ती खुर्चीत बसली, खुब्यावर हात ठेवून. "त्यांचं ऊन उत्तरेला आहे."

विषुववृत्ताच्या खाली दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. ही गोष्ट शाळेत शिकवलेली असते. मलाही शिकवली होती. पण ज्या दरीत माणसाचं घर, सोयरीक आणि चर्चमधली जागा दक्षिण-उत्तरेवरून ठरते, तिथे दक्षिण म्हणजे ऊन हे कुणाच्या डोक्यात ठरवावं लागत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. ऋतू उलटे झाले तेवढे आम्ही उलटे केले. डोंगर राहिले तसेच. बुर्गीने चार महिने खपून न्यूझीलंडमधले दहा सर्वांत चांगले सावलीचे उतार शोधून काढले होते, आणि चौथा हार्टविगने आणखी सावलीत नेला होता.

"मुदतीला दहा दिवस आहेत," मी कॅलेंडर पाहून म्हणालो.

"नऊ आणि अर्धा. आपल्याकडे दुपारी एक वाजला की तिकडे पुढची तारीख लागते. मी मोजलंय."

तिने नकाशा उलटा केला, म्हणजे उत्तर आपल्या पोटाकडे घेतली. त्यामुळे उन्हाचे उतार पुन्हा तिच्या डोळ्याला सवयीच्या जागी आले. दोन दिवसांत नवे दहा खुणावून झाले. मी म्हणालो, संपलं, आता मी स्कॅन करतो.

"थांब." ती नकाशावर वाकून राहिली. "सकाळ कुठून येते?"

"पूर्वेकडून. उजवीकडून."

"नकाशा उलटा आहे, खजिनदार. पूर्व डावीकडे गेली." तिने नकाशाच्या डाव्या काठावर लाल अक्षरांत 'सकाळ' लिहिलं आणि उजव्या काठावर 'संध्याकाळ'. मग दहातले सहा खोडले. ते संध्याकाळच्या उन्हाचे होते; त्यांच्या जागी सहा नवे शोधले.

त्यानंतर वाटा. ऊन तापलं की उतारावरचा वारा वर चढतो, म्हणून आपला वास जनावराला लागू नये यासाठी वरून उतरत यावं लागतं. ऊन दुसऱ्या बाजूला गेलं, वारा दुसऱ्या बाजूला गेला, म्हणजे पोचायच्या वाटा, लपायच्या जागा, निघायच्या वेळा सगळं नव्याने. ती पहाटे चारलाच उठायची, टँकरची सवय होतीच. मी गुरुवारऐवजी रोज जाऊ लागलो. बायको म्हणाली, "तिथेच जेवतोस तर तिथेच झोपत जा." मी तिला नकाशाचं सांगितलं. तीही उन्हाकडची. ती म्हणाली, "उत्तरेला ऊन? काहीतरीच."

रविवारी बुर्गीने हे खानावळीत स्वतःच सांगितलं. मी तिला म्हटलं होतं, कशाला, कुणाला कळणारही नाही. तिने ऐकलं नाही. तिला पुढच्या नोव्हेंबरात त्याच टेबलावर बसायचं होतं, म्हणाली.

"हार्टविग, तुझा चौथा उतार गेला," तिने सांगितलं. "माझे नऊ पण गेले. तिकडे ऊन उत्तरेकडून येतं."

हार्टविग हसला. मग तिचं तोंड पाहून थांबला. "सूर्य काय तिकडे दुसरा आहे?"

"सूर्य तोच आहे. आपण इकडे आहोत."

"सूर्य दक्षिणेला असतो दुपारी. पोरंही सांगतील."

"इथली पोरं सांगतील."

त्याने चमचा, मीठदाणी आणि बिअरचा पेला मांडून पृथ्वी करून पाहिली. दोनदा केली. दुसऱ्यांदा मीठदाणी पेल्याच्या खालच्या बाजूला धरून हळूहळू फिरवली. मग म्हणाला, "म्हणजे तिथे मी सावलीकडचा?"

"तिथे तुझं घर जानेवारीत विकायला निघालं असतं," बुर्गी म्हणाली, आणि मग मात्र सगळं टेबल हसलं. हार्टविग सुद्धा, थोडा उशिरा.

"जानेवारीत नाही," मी म्हणालो. "तिकडे जानेवारी उन्हाळा."

"गप्प बस, खजिनदार," दोघंही एकदम म्हणाले.

३१ मार्चला, शुक्रवारी, दुपारी बारा पंचवीसला बेत गेला. पतसंस्थेच्या यंत्रावरून, माझ्या जेवणाच्या सुटीत. बुर्गी मागे उभी होती. गेल्याचा निरोप पडद्यावर आला तरी ती एक वाजेपर्यंत हलली नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं. टेटने लिहिलं होतं की नऊ उतार त्याने स्वतःही घेतले असते. आठव्यावर दगड कोसळतात, तो सोडावा. बाकी तो तिच्या मागे चालेल. आणि गुडघ्यापर्यंतचे गेटर, म्हणजे बुटांवरून पोटऱ्यांना बांधायची जाड आवरणं, आणावेत.

पुढचा महिना कागदांत गेला. बंदुकीची परवानगी, विमान कंपनीचं पत्र, पेटीचं कुलूप. बुटांच्या तळव्यात मातीचा कण चालत नाही म्हणून तिने दात घासायच्या ब्रशने तीन संध्याकाळी बूट घासले. टोपीत देवदाराची डहाळी न्यायची होती. जनावर पडलं की त्याच्या तोंडात शेवटचा घास ठेवायची आमची रीत आहे. मी नियम वाचून दाखवला. झाडपाल्याला बंदी. तिने डहाळी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "त्यांच्याकडे गवत असेलच की." ८ मे रोजी मी तिला गाडीने खाली लिएन्झ शहराच्या स्टेशनवर सोडलं. बंदुकीची पेटी तिने मला उचलू दिली नाही.

आठ दिवसांतलं तिने मला नंतर सांगितलं ते एवढंच. पहिले तीन दिवस पाऊस आणि ढग, झोपडीबाहेर पाय नाही. चौथ्या दिवशी पहिला उतार, काही नाही. पाचव्या दिवशी दुसरा, माद्या आणि पिल्लं. त्या रात्री खुबा इतका दुखला की टेट म्हणाला, उद्या विश्रांती घेऊ, किंवा झोपडीजवळ माझी एक जागा आहे तिथे बसू. ती नको म्हणाली. सहाव्या दिवशी अंधारात निघून सातव्या उताराच्या माथ्यावर पोचायला तिला साडेचार तास लागले. टेटला दोन लागले असते. तो मागे राहिला, एकदाही पुढे गेला नाही.

आठ चाळीसला तिने लिहून दिलेल्या गवताच्या पट्टीवर ऊन आलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी दोन बोकड तिथे उतरले, एकमेकांपासून तीसेक पावलांवर. ती आडवी झाली, बंदूक दगडावर टेकवली, आणि मग तिच्या तोंडून आपोआप निघालं, आमच्याच भाषेत, "कोणता?"

टेटला आमची भाषा येत नाही. पण त्याला कळलं. त्याने दुर्बीण डोळ्यांवरून काढली, बाजूला ठेवली आणि तिच्याकडे पाहत राहिला.

"किती वेळ?" मी विचारलं.

"काय माहीत. मला राग आला होता."

"त्याचा?"

"माझा."

मग तिने स्वतःची दुर्बीण घेतली. डावीकडचा देखणा होता, उंच शिंगांचा, तोंडावरचे पट्टे काळेभोर. तो तरुण, म्हणजे सोडायचा. उजवीकडच्याचे पट्टे फिके पडले होते, शिंगं बुडाशी जाड, पाठ खाली आलेली. तिने उजवीकडचा घेतला, एकशे चाळीस मीटरवरून. खाली जाऊन शिंगांवरची, वर्षाला एक पडणारी वलयं मोजली. नऊ भरली. टेटने पुन्हा मोजली, त्याचीही नऊ.

"बरोबर होता तर," मी म्हणालो.

"बरोबर होता," बुर्गी म्हणाली. "आणि चुकला असता तरी माझाच होता."

२१ सप्टेंबरला तिचं ऑपरेशन झालं. शिंगांची पेटी त्याच आठवड्यात जकातीत आली, आणि ती इस्पितळात असल्यामुळे तपासणीचं शुल्क, ६१ युरो ८० सेंट, मी भरलं. ते तिच्याकडून अजून यायचे आहेत.